दुसरी घागर

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उद्यावर आली होती आणि सुनंदाबाई घागर घ्यायला पिंप्राळ्याच्या बाजारात गेली. दरसालचं काम. ऊन अजून कोवळं होतं, म्हणजे जळगावच्या मानाने कोवळं. चपलेतून तळपायाला लागत होतं एवढंच. कुंभारणीने रस्त्याच्या कडेला गोणपाटावर लाल घागरी उतरवल्या होत्या. आखाजीला खानदेशात घरच्या गेलेल्या माणसांच्या नावाने कोरी घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज आणि आंबे ठेवतात, निखाऱ्यावर घास टाकतात आणि मेलेल्यांना नाव घेऊन जेवायला बोलावतात. सुनंदाबाईने एक घागर बोटाच्या पेराने वाजवून बाजूला काढली. मग दुसरी वाजवायला घेतली.

कुंभारीण पारोळ्याकडची. म्हातारी, पण तोंडाने फटकळ.

"अक्का, दरसाल तं एकच लई जास ना तू? सासू-सासरानी. यंदा कोन गयं?"

"कोणी नाही गेलं," सुनंदाबाई म्हणाली. "जायची आहे."

म्हातारीचा हात घागरीवरच थांबला. "जिता मानूसनी घागर भरतस नही, माय."

"तू घागर विक. भरायचं माझं मी बघते."

"विकस ना. मना काय जास? पन ध्यान ठेव. आखाजीले नाव लिसन ज्याले पानी पाजं, तो मंग त्या घरना हुई जास. मंग दरसाल पाजनं पडस. त्याले घरबाहेर काढता येत नही."

सुनंदाबाईने एक घागर कमरेवर घेतली, एक हातात, आणि मागे न बघता चालू लागली.

ही दुसरी घागर कोणाची, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

सुनंदाबाईचा नवरा, तोतारामभाऊ, रेल्वेत होते. बरीच वर्षं नरडाण्याला, मग जळगावला. सिग्नल, झेंडी, रुळाचा खटका, यात सगळी नोकरी गेली. माणूस निर्व्यसनी, सरळ, पण घरात तोंड म्हणून उघडायचा नाही. "वाढ." "पुरे." "दार लाव." लग्नाला चाळीस वर्षं व्हायला आली, आणि तेवढ्या काळात सुनंदाबाईला नवऱ्याच्या तोंडून जेवढे शब्द मिळाले, तेवढे दूधवाला तिच्याशी एका उन्हाळ्यात बोलत असेल. तिने ते पचवलं. म्हटलं, असतो एकेकाचा स्वभाव. मुक्याशी भांडणार तरी काय!

मग ते रिटायर झाले आणि खाटेवर बसून गाड्यांचे भोंगे ऐकू लागले. कुठली गाडी उशिरा चालली आहे ते भिंतीकडे बघून पुटपुटायचे. माणूस डोळ्यांदेखत सुकत चालला. गेल्या पोळ्याला मुलगा जितेंद्र पुण्याहून आला, त्याने बापाची दशा बघितली आणि एक टॅबलेट हातात दिला. त्यात त्याने एक जागा उघडून दिली, "सावलीतला बाक" नावाची. रिटायर लोकांची बसायची जागा. कोणी बँकेतला, कोणी मास्तर, कोणी एसटीतला. एखादा विषय काढतो, त्याला तिथे धागा म्हणतात, आणि बाकीचे खाली आपापलं लिहीत जातात. गुडघे, पेन्शन, सुना, गेलेले मित्र. जो हजर असेल त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका.

तोतारामभाऊ एका बोटाने लिहू लागले आणि महिन्याभरात फुलून आले. रोज दाढी. पोह्यांवर लिंबू मागून घेणं. मध्येच खुदकन हसणं. सुनंदाबाईला आनंद झाला, खोटं कशाला बोला. मग तिच्या ध्यानात आलं की हसणं सगळं त्या काचेकडे बघून आहे. मान वर केली की चेहरा पुन्हा गाडी निघून गेलेल्या फलाटासारखा.

सुनंदाबाई चौथी शिकलेली. अक्षराला अक्षर जोडून वाचते, पण वाचते. दुपारी ते घोरायला लागले की ती टॅबलेट मांडीवर घ्यायची आणि गहू निवडावेत तशी नावं निवडायची. निवडता निवडता तो खडा सापडला. कोकिळाबाई, धुळे.

ही कोकिळाबाई टेलिफोन ऑपरेटर होती. धुळ्याच्या एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून लोकांची बोलणी जोडून देण्यात तिचा जन्म गेलेला. एकटी बाई. जुन्या धुळ्यात, नंबरवाल्या गल्लीत, पिठाच्या चक्कीच्या वर राहते, असं तिनेच कुठेतरी लिहिलेलं होतं. तोतारामभाऊंनी काहीही लिहिलं की खाली पहिलं उत्तर तिचं. फार नाही, दोन शब्द. "मग?" "थांबू नका, ऐकते आहे." आणि हा मुका माणूस तिच्या त्या "मग"पुढे पानंच्या पानं लिहीत सुटायचा.

स्वतःबद्दल ती एकच गोष्ट लिहायची. "फार ऊन आहे." "नळ कोरडा आहे." "घसा सुकला." ऐन थंडीत, लोक स्वेटर आणि शेकोटीवर बोलत असताना, हिचं आपलं तेच: "तहान लागली आहे." बाकावरची मंडळी थट्टा करायची. चोपड्याचे पितांबर सर लिहायचे, "कोकिळाताई, आमच्याकडे या, केळीच्या बागेत पाटाच्या पाण्यात खुर्ची टाकून देतो." थट्टेला ती कधी उत्तर द्यायची नाही. तिचा हिरवा ठिपका मात्र कधी विझायचा नाही. सुनंदाबाई सकाळी दूध तापवताना बघे तेव्हा हिरवा, दुपारी बघे तेव्हा हिरवा.

"हिला झोप नाही, पोळ्या लाटायच्या नाहीत, काही नाही का?" ती काचेलाच विचारायची. "नुसती बसलेली असते दुसऱ्याच्या नवऱ्याची वाट बघत!"

इथपर्यंत नुसती जळजळ होती. मग एका दुपारी तिने नरडाण्याचा धागा वाचला.

तोतारामभाऊंनी लिहिलं होतं की नरडाण्याला असताना एका संध्याकाळी लोटन नावाचा गँगमन त्यांच्या डोळ्यांसमोर मालगाडीखाली गेला. चूक कोणाचीच नव्हती, पण झेंडी त्यांच्या हातात होती. घरी आले आणि पुढे कितीतरी दिवस अन्न गिळवलं नाही. भाकरी हातात घेतली की लोटन दिसायचा.

सुनंदाबाईला ते दिवस पक्के आठवत होते. जितेंद्र पोटात होता. ताट जसंच्या तसं परत यायचं. काय झालं म्हणून विचारलं तर "काही नाही." तिने मीठ तपासलं, डाळ बदलली, शेजारणीकडून मसाला भाजायचा शिकून आली. सासू म्हणाली, "तुझ्या हातालाच चव नाही, त्याला माझा पोरगा काय करील!" ते वाक्य तिने जन्मभर उरावर वागवलं. अजूनही भाजीत मीठ घालताना तिचा हात कचरतो. आणि खरं कारण हे होतं, ते नवऱ्याने धुळ्याच्या बाईला सांगितलं.

खाली त्या बाईने विचारलं होतं, "तेव्हा घरी कोणी विचारलं नाही का तुम्हाला?"

त्याखाली नवऱ्याचं उत्तर होतं. "नाही."

टॅबलेट फुटला नाही, कारण तो मुलाने दिलेला होता. संध्याकाळी ती तोतारामभाऊंच्या समोर जाऊन उभी राहिली.

"लोटन कोण?"

ते दचकले. "तू वाचलंस?"

"मी विचारलं नव्हतं? ताटापाशी बसून रडत विचारलं नव्हतं तुम्हाला?"

"विचारलं असशील. मला आठवत नाही."

"तिला सांगताना बरं सगळं आठवलं!"

ते हळू म्हणाले, "ती ऐकते, सुनंदा. मध्ये बोलत नाही. तू ऐकायच्या आधी रागावतेस."

"मढ्यासारखं पडून ऐकायला मला वेळ नाही! चार भांडी घासायला लावा तिला, मग बघू किती ऐकते ते."

तोतारामभाऊ उठले आणि टॅबलेट घेऊन मागच्या ओसरीत जाऊन बसले. काचेचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला आणि चेहरा लोण्यासारखा मऊ झाला. चाळीस वर्षांत तो चेहरा तिच्याकडे बघून कधी तसा झाला नव्हता. सुनंदाबाईने तो दाराआडून बघितला, आणि दुसरी घागर तिथेच ठरली.

आखाजीला सकाळपासून सगळं रीतीने झालं. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, कुरडया. तोतारामभाऊंनी आईवडिलांच्या नावाने घागर भरली, गोवरीच्या निखाऱ्यावर घास टाकला, वर तूप सोडलं, हात जोडले. जेवले आणि पुढच्या खोलीत कूलरसमोर आडवे झाले.

बाहेर दुपार अशी पेटली होती की गल्लीत कुत्रं दिसत नव्हतं. पोरींनी कडुलिंबाला बांधलेले आखाजीचे झोके रिकामे लटकत होते. दोर तेवढे उन्हात ताणल्यासारखे सरळ. कूलरची घरघर सोडली तर जगात आवाज नव्हता. सुनंदाबाईने मागचं दार लोटून घेतलं. परसात मोरीच्या कडेला, जिथे खरकटं पाणी जातं, तिथे तिने दुसरी घागर मांडली. वरचं डांगर पिचलेलं. पोळी मुद्दाम शोधून काढली, खापराला लागून एका बाजूने काळी पडलेली. रस वाटीच्या तळाचा, नुसत्या दोऱ्या. तूप नाहीच. सवतीला तूप कोण वाढतं?

निखारा लाल होता. करपलेला तुकडा त्यावर टाकला तेव्हा गुळाचा कडवट धूर उठला. तांब्याने घागरीत पाणी सोडत, दात आवळून ती म्हणाली,

"धुळ्याची कोकिळा. हे घे. जेव, पी, आणि माझ्या घराची वाट सोड."

कोरी घागर पाणी पिते, हे कोणालाही ठाऊक आहे. आत बारीक सूं सूं होतं, बुडबुडे येतात, माती शांत होते. तसं झालं. मग ते थांबायला हवं होतं... थांबलं नाही. सुनंदाबाई रिकामा तांब्या धरून उभी, आणि घागरीतून आवाज येत राहिला. घट्... घट्... घट्... एखादं माणूस लांबून उन्हातून यावं आणि मान वर करून, श्वाससुद्धा न घेता पीत राहावं, तसा. पाणी काठापासून खाली सरकत होतं. घागरीच्या बुडाची जमीन कोरडी ठाक होती.

आवाज थांबला. आणि कोणीतरी लांब सुस्कारा सोडला. ओल्या मातीचा थंडगार वास सुनंदाबाईच्या तोंडावर आला.

निखाऱ्याचा धूर इतका वेळ सरळ वर जात होता. तो वळला. जमिनीलगत सरपटत ओसरीवर चढला आणि लोटलेल्या दाराच्या फटीतून घरात शिरला.

"वारा आहे," सुनंदाबाई मोठ्याने म्हणाली.

कडुलिंबाचं एक पान हलत नव्हतं.

दिवेलागणीला तोतारामभाऊ टॅबलेट घेऊन बसले. थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, "ऐक. कोकिळाबाईंनी आज कधी नव्हे ते मोठं लिहिलंय."

सुनंदाबाई भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही. तोतारामभाऊ वाचू लागले.

"'आज पोटभर जेवले. पोळी एका बाजूने करपलेली होती. तूप नव्हतं. रागाने वाढलेलं होतं. पण नाव घेऊन वाढलं. पाणी कोऱ्या घागरीचं. आता घसा ओला आहे.'" त्यांनी जीभ टाळ्याला लावून चुकचुक केलं. "बिचारी. सणाच्या दिवशी असं करपलेलं कोण गं वाढतं?"

विळी बाजूला सरकवून सुनंदाबाईने हात पदरात गुंडाळले.

"अहो... ती जेवायला कोणाकडे गेली होती, ते लिहिलंय?"

"पितांबर सरांनी तेच विचारलंय." त्यांनी बोटाने खाली सरकवलं. "उत्तर आलंय बघ. लिहितात, 'घरीच.'"

दुसऱ्या दिवशी सकाळी, बहिणीला भेटायला पारोळ्याला जाते असं सांगून सुनंदाबाई एसटीत बसली. पारोळा आलं, किल्ल्याचा बुरूज खिडकीतून मागे गेला, ती उतरली नाही. पोटात भीती होती हे खरं. पण भीतीच्या डोक्यावर मत्सर बसला होता. बाई जिवंत असेल तर झिंज्या धरून विचारायचं की माझ्या परसातलं तुला कोणी सांगितलं. आणि ती दिसते कशी, ते एकदा बघायचं. या दोन्हींत दुसऱ्याची घाई जास्त होती.

जुन्या धुळ्यात चक्की सापडायला वेळ लागला नाही. चक्कीवाली बाई भुवयांपर्यंत पिठाने पांढरी. कोकिळाबाईचं नाव ऐकताच तिने पट्टा थांबवला.

"टेलिफोनवाल्या? तुम्ही त्यासन्या कोन?"

सुनंदाबाईच्या तोंडून निघून गेलं, "घरची."

"आन आते उनात व्हय? वरीस हुई गयं ना त्यासले जाईसन."

"काय बोलताय, बाई..."

"मांगली आखाजीना पयले गयात." चक्कीवाली हात पुसत सांगू लागली. कडक उन्हाळा, नळाला पाणी नव्हतं, म्हातारी वर एकटी. खाली दिसेना म्हणून शेजाऱ्यांनी दार तोडलं. खुर्चीत बसलेली, मांडीवर मोबाइल, शेजारी माठ, आणि माठ कोरडा. सुरतेहून भाचा आला, त्याने उरकलं, कुलूप लावलं आणि गेला. "पोर ना सोर. आखाजीले घागर कोन भरी? मी म्हनं आपुन भरूत. मना मालक बोलना, नको, परकं मानूस घरमा कसाले लेनं?"

किल्ली तिच्याकडेच होती. ती वर घेऊन गेली.

खोलीत धुळीचा आणि बंद हवेचा वास होता. खिडकीकडे तोंड केलेली खुर्ची. कोपऱ्यात माठ, त्याच्या तोंडावर कोळ्याचं जाळं. फडताळात मोबाइल पडला होता, उन्हाने फुगून पाठ उकललेला. त्याच्यावर बोटभर धूळ. भिंतीवर एक जुना फोटो. कानाला यंत्र लावलेली, दात थोडे पुढे आलेली, साधी काळीसावळी बाई. सुनंदाबाईने तो निरखून बघितला आणि तेवढ्या भीतीतही तिला बरं वाटलं. एवढीच होय!

मग तिला आठवलं की तोतारामभाऊ बाकावर बसायला लागले ते गेल्या पोळ्याला. म्हणजे जिवंत कोकिळाबाईशी त्यांचं एका अक्षराचंही बोलणं झालेलं नव्हतं.

"एक सांगू?" चक्कीवाली एकदम हळू बोलू लागली. "वरीसभर, भर दुपारले, आठे, ह्या खोलीमा, पायसना आवाज ये... माठवर गिलास आपटाना आवाज... चक्की बंद करी का खाले आयकू ये. आम्ही कोन्हले सांगं नही."

"आणि आता?"

"काल आखाजीपाईन बंद." ती सुटल्यासारखी हसली. "बठ्ठं शांत शे. गयी वाटस माय. कोन्ही तरी पानी पाजं."

परतीच्या गाडीत गरम वारा तोंडावर थपडा मारत होता. सुनंदाबाईने मनाशी वाक्यं जुळवली. अहो, ती मेलेली आहे. तुम्ही मढ्याशी संसार मांडला होता. हे ऐकून त्यांचं तोंड कसं होईल ते तिने दोनतीनदा डोळ्यांसमोर आणलं. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण त्या चक्कीवरच्या खोलीत तिला काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही, अंगावर काटासुद्धा आला नाही, हेच तिच्या छातीत रुतून बसलं होतं. ती खोली खरोखर रिकामी होती. तिथून कोणीतरी बिऱ्हाड हलवलं होतं.

ती घरी पोचली तेव्हा ऊन अजून ओसरीवर होतं. पुढच्या दारातच ती थांबली. आतून आवाज येत होता. तोतारामभाऊ बोलत होते. बोटाने नाही, तोंडाने. मध्येच हसलेसुद्धा.

पुढच्या खोलीत टॅबलेट चार्जिंगला लावलेला होता, काच काळी. ती पाय न वाजवता मागे गेली. तोतारामभाऊ मागच्या ओसरीत पाटावर बसले होते. समोर दुसरा पाट मांडलेला.

"...आणि लोटनची टोपी मी उचलली. झेंडीच्या पेटीत ठेवली, कोणाला दिसू नये म्हणून. हे मी तिथे बाकावरसुद्धा..." त्यांनी वर बघितलं. "आलीस? बस ना. पाणी आणायला एवढा वेळ?"

"अहो... कोणाशी बोलताय?"

"म्हणजे काय? तुझ्याशी." तोच चेहरा होता. लोण्यासारखा मऊ, आणि या वेळी काचेकडे नाही, तिच्याकडे वळलेला. "दुपारी पारोळ्याहून आलीस तेव्हापासून बसलोय की आपण. तूच विचारलंस, तेव्हा तुम्ही का जेवला नाहीत म्हणून. सुनंदा, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तू मध्ये न बोलता ऐकलंस." त्यांचे डोळे भरले होते. "फार बरं वाटलं मला. हलकं वाटलं."

समोरच्या पाटावर ओल होती. बसलेल्या माणसाएवढी.

सुनंदाबाईने तोंड उघडलं. मी नव्हते, हे दोन शब्द जिभेवर आले होते. ते म्हटले की हा चेहरा मिटणार, पुन्हा फलाट होणार. आणि मग दुसऱ्या घागरीचंही सांगावं लागणार. ज्या चेहऱ्यासाठी जन्म जाळला तो समोर होता. तिने शब्द गिळले.

"हो," ती म्हणाली. "मीच."

ती त्या ओल्या पाटावर बसली. लुगड्यातून गारवा हाडापर्यंत गेला. हात मांडीवर घट्ट धरून, मध्ये अजिबात बोलायचं नाही असं ठरवून, तिने विचारलं, "मग?"

"मग काय?" तोतारामभाऊ हसले. "सगळं सांगून झालं की मघाशी."

त्या संध्याकाळी बाकावर कोकिळाबाईच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझला. तिने एक ओळ लिहिली होती. "आता इथे येणं होणार नाही. घरात बोलायला माणूस आहे." बाकावरच्या मंडळींनी फुलांची चित्रं पाठवली. पितांबर सरांनी लिहिलं, "शेवटी पाणी मिळालं म्हणायचं!" तोतारामभाऊ म्हणाले, "चांगलं झालं बाईचं," आणि टॅबलेट पुसून कपाटात ठेवून दिला. आता काय गरज, म्हणाले.

सुनंदाबाईने दोन्ही घागरी गिरणेच्या पात्रात नेऊन दगडावर फोडल्या. सासू-सासऱ्यांचीसुद्धा. खापऱ्या टाचेने वाळूत दाबल्या. घरात मातीचं एक भांडं ठेवलं नाही, सगळं स्टीलचं. पुढच्या आखाजीला काय करायचं, याचा विचार ती करत नाही. घागर भरली तर ती राहणार. नाही भरली तर तहानलेली राहणार. कुंभारणीने तिसरा रस्ता सांगितला नव्हता.

आता तोतारामभाऊ घरात बोलतात. चांगले घडाघडा बोलतात. शेजारणी म्हणतात, अक्का, नशीब काढलं तुम्ही. सुनंदाबाई दिवसभर त्यांच्या मागे असते, या खोलीतून त्या खोलीत. पण भाजी घ्यायला दारात जावं लागतं, कपडे वाळत घालावे लागतात. परत येते तेव्हा ते कुठल्यातरी गोष्टीच्या शेवटाशी आलेले असतात. भुसावळच्या पुराची गोष्ट, त्यांच्या लहानपणीची, तिच्याशी लग्न ठरलं त्या दिवसाचीसुद्धा.

"पहिल्यापासून सांगा ना," ती म्हणते.

"परत? आत्ताच तर ऐकलीस."

परवा भर दुपारी ती स्वयंपाकघरात होती. जेवणं झाली होती, खरकटी भांडी मोरीत पडली होती. तिने आतूनच हाक मारली, "अहो, पाणी देऊ का?"

"आत्ता दिलंस ना," ओसरीतून आवाज आला.

ती धावत गेली. तोतारामभाऊ एकटेच होते. हातात पेला, बाहेरून दव आलेला. त्यांनी एक मोठा घोट घेतला आणि डोळे मिटले.

"गार आहे," ते म्हणाले. "नवी घागर आणलीस का? मातीचा वास येतोय."

सुनंदाबाई ओसरीच्या दारात उभी होती, दोन्ही हात कोरडे, आणि तिच्या पाठीमागे, जिथून ती आत्ता धावत आली होती तिथे, मोरीवर कोणीतरी सावकाश भांडी घासत होतं.